धाव, स्टेपनी आणि शंभर पौंडांची हवा

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. ड्रोनने काढलेले तिचे फोटो तुम्ही इन्स्टावर पाहिले असतील. मधे गोल इमारत आणि तिथून सगळीकडे फुटलेल्या वाटा. मला ते चित्र कायम बैलगाडीच्या चाकासारखं दिसतं. १९१७ साली ती इमारत उभी राहिली तेव्हा त्या वाटांनी आत येणारा कापूस, करडई, डाळी, सगळं खरोखरच लाकडी चाकांवर येत होतं. त्याच्या सहा वर्षं आधी, १९११ मध्ये, बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोचली होती. निजामाच्या राज्यातलं हे गाव रेल्वेचं शेवटचं स्टेशन झालं आणि अहमदपूर, उदगीर, औसा, निलंगा इकडच्या गाड्यांची तोंडं लातूरकडे वळली.

या बाजारपेठेचा इतिहास आपल्याकडे आवडीने सांगितला जातो. आडत दुकानं, डाळ मिल, तेलाच्या गिरण्या. पण बाजाराला निघालेल्या गाडीचं चाक वाटेत मोडलं तर काय व्हायचं? ते कोण दुरुस्त करायचं, कसं करायचं, आणि करताना त्याचा हात भाजला किंवा बोट गेलं तर त्याचं कोण बघायचं? गेले काही महिने मी याच प्रश्नाच्या मागे आहे. आमचं गाव अहमदपूरकडचं, त्यामुळे नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर हा रस्ता लहानपणापासून पायाखालचा. आता त्याला राष्ट्रीय महामार्ग ३६१ म्हणतात.

आधी लाकडी चाक नीट बघू, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. मधला जाड ठोकळा म्हणजे तुंबा, बहुतेक बाभळीचा. त्यातून आख जातो. तुंब्यात चहूबाजूंनी आरे ठोकलेले. आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर कमानीसारखे कापलेले लाकडाचे तुकडे एकाला एक जोडून गोल पूर्ण केलेला, हे पुठ्ठे. सगळी जोडणी खाच आणि कुसू यांची. आणि हा सगळा पसारा एकत्र आवळून धरतो बाहेरचा लोखंडी पट्टा. त्याचं नाव धाव. क्रिकेटमुळे आपल्याला धाव म्हटलं की स्कोअरबोर्ड दिसतो, पण गाडीवानाला त्या शब्दातून आधी लोखंड दिसायचं.

चाक सुताराने करायचं आणि धाव लोहाराने चढवायची. यातली गंमत अशी, की धाव चाकापेक्षा मुद्दाम लहान केलेली असते. थंड असताना ती चाकावर बसूच शकत नाही. मग जमिनीवर धाव आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचायच्या आणि पेटवून द्यायच्या. लोखंड तापलं की वाढतं. हिशोब करून बघा: चाक साडेचार फूट व्यासाचं धरलं तर परीघ सव्वाचार मीटरच्या आसपास. लोखंड पाचशे अंशांनी तापवलं, तर एवढ्या लांबीच्या पट्ट्यात साधारण अडीच सेंटिमीटरची वाढ होते. एक इंच. सगळी करामत या एका इंचाची. पट्टा जळजळीत लाल झाला की तीन-चार जणांनी सांडशांनी उचलून चाकावर टाकायचा, घणाने ठोकून बसवायचा, आणि लाकूड पेट घ्यायच्या आत घागरीच घागरी पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, चाक करकरतं. थंड होणारी धाव आकसते आणि पुठ्ठे, आरे, तुंबा सगळ्यांना आत दाबते. ढिल्या खाचा घट्ट होतात. एक खिळा न मारता.

माझे आजोबा सांगायचे, की धाव चढवायचा दिवस म्हणजे गावात तमाशाच. पोरंटोरं गोळा व्हायची आणि लोहार ओरडायचा, "सरा रे तिकडं, अंगावर येईल!" कुणाला समजावून सांगावं लागायचं नाही. धोका लाल रंगाचा होता आणि त्याची धग दहा हातांवर लागत होती. आपल्याला जे शेवटी घडीव, मुकाट चाक दिसतं, त्याच्या आत मात्र ती ओढ कायमची कोंडलेली राहते. चाक टिकतं ते त्या कोंडलेल्या ताकदीवर.

ही ताकद उन्हाळ्यात हरायची. मराठवाड्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. लाकूड वाळून आखडतं, धाव ढिली पडते आणि चालता चालता निसटते. त्यावर साधा उपाय म्हणजे चाकं काढून पाण्यात टाकायची. लाकूड फुगतं, धाव पुन्हा आवळते. आजोबा मन्याडच्या डोहात चाकं भिजत घालायचे. पण उन्हाळा वाढला की डोहच आटायचा. म्हणजे चाकाला पाण्याची गरज नेमकी तेव्हा, जेव्हा माणसालाही पुरत नाही. मग उरायचा लोहार. धाव उतरवायची, तिचा थोडा तुकडा कापायचा, टोकं भट्टीत घालून ठोकून पुन्हा जोडायची आणि परत तापवून चढवायची. गावात लोहार नसला तर घिसाड्यांची वाट बघायची. ती मंडळी आपला सगळा संसार आणि भाता गाडीत घालून गावोगाव फिरायची.

पैसे? दुरुस्ती बहुतेक बलुत्यात जायची. सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं, तोच मोबदला. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली या सगळ्या व्यवस्थेवर पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'गावगाडा'. गावासाठी गाड्याचीच उपमा सुचली, यात नवल नाही. पण त्या गाड्याकडे बघून हळवं व्हायला मी तयार नाही. बलुतं जातीला चिकटलेलं होतं. लोहाराच्या पोराने लोहारच व्हायचं. पीक बुडालं की त्याचंही बुडायचं, आणि भाजलेल्या हाताची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

तिकडे कुर्डुवाडीला बार्शी लाइटचं वर्कशॉप होतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही अडीच फुटी रेल्वे उभी केली होती. पहिला तुकडा १८९७ चा. त्याचा सगळा विचार चाकाभोवती फिरायचा. एका आसावर पाच टनांहून जास्त वजन पडता कामा नये, आणि ते सगळ्या आसांवर सारखं पडलं पाहिजे, म्हणजे हलके, स्वस्त रूळ चालतील. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. ती ज्या वाटेने आली ती हीच, फक्त रूळ आता ब्रॉडगेजचे. मला सांगायचंय ते वेगळंच. त्या काळच्या वाफेच्या इंजिनाच्या चाकांनाही धावच असायची. पोलादी कडं चाकापेक्षा किंचित लहान करायचं, तापवायचं, चढवायचं, थंड होऊ द्यायचं. झिजलं की तेवढंच बदलायचं. म्हणजे कुर्डुवाडीचा फिटर आणि गावचा लोहार एकच काम करत होते. एकाला पगार आणि हुद्दा होता, दुसऱ्याला खळ्यावरचं धान्य.

लोखंडी धावेची एक बाजू मात्र रस्त्याने भोगली. दोन-अडीच इंच रुंदीच्या पट्ट्यावर अख्ख्या गाडीचं वजन. पावसाळ्यात काळ्या रानात ती सुरीसारखी रुतायची. पुढच्या गाडीने केलेल्या खाचेतून मागची गाडी चालायची, खाच आणखी खोल व्हायची. तिला चाकोरी म्हणतात. 'चाकोरीबाहेर विचार करा' असं मोटिव्हेशनल रील ऐकताना हे लक्षात ठेवा: चाकोरीबाहेर गेलेल्या गाडीचा आख मोडायचा. ब्रिटिश भारतात १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली, पेट्रोलवरच्या करातून रस्त्यांसाठी निधी उभा राहिला, आणि त्यापुढे मोटार आणि बैलगाडी एकाच रस्त्यावर कशा चालवायच्या याची चर्चा कित्येक वर्षं चालली. आपण तेव्हा निजामाकडे. तिथे रेल्वे खात्यानेच १९३२ साली बससेवा काढली, २७ बस आणि १६६ माणसं घेऊन. आज तेलंगणची एसटी आपली सुरुवात तिथूनच मोजते. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि पुढे इथल्या गाड्या आपल्या एसटीत सामील झाल्या.

बसबरोबर आली हवा.

हवा भरलेलं टायर जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये बेलफास्टला आपल्या पोराच्या तीनचाकी सायकलसाठी केलं. त्याच्या नावाच्या कंपनीचा भारतातला कारखाना १९३६ साली बंगालमध्ये साहागंजला निघाला. पुढे बैलगाडीलाही रबरी टायर लागले आणि आपल्या लोकांनी त्या गाडीचं नावच डनलॉप ठेवलं. उसाच्या फडावर आजही तुम्हाला डनलॉप म्हणजे गाडी समजणारी माणसं भेटतील. बैलांना हलकं, रस्त्याला बरं. सगळ्यांचा फायदा झाला, एक लोहार सोडून. टायरगाडीला धाव लागत नाही, आणि सुताराचा तुंबाही लागत नाही. दुरुस्ती गावातून उठली आणि फाट्यावर गेली.

फाट्यावरच्या दुकानात एक शब्द रोज शंभरदा ऐकू येतो: स्टेपनी. तो हिंदी नाही, मराठी नाही आणि आजच्या इंग्रजीतही जवळपास उरलेला नाही. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की चिखलात बसून तिथेच टायर काढा, ट्यूब जोडा, परत चढवा. वेल्समधल्या लनेली गावात थॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ मध्ये यावर तोडगा काढला. हवा भरलेलं टायर चढवलेली एक बिनआऱ्यांची रिम, जी पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून पकडीने अडकवायची आणि घरापर्यंत जायचं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून ते स्टेपनी व्हील. पुढे अख्खं चाकच नट खोलून बदलता येऊ लागलं, ती वस्तू संपली, कंपनी संपली. शब्द मात्र चाकूर फाट्यावर जिवंत आहे.

आता त्या दुकानात जाऊ. नांदेड हे ट्रकवाल्यांचं जुनं गाव. हुजूर साहिबमुळे पंजाबच्या गाड्या, हैदराबादकडे जाणारा माल, सिमेंट, सोयाबीन, ऊस. हायवेला लागलं की दर काही अंतरावर उभं रोवलेलं टायर आणि त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं 'पंक्चर'. महाराष्ट्रभर हायवेला या धंद्यात केरळची माणसं दिसतात, अलीकडे बिहारची पोरंही. इथे नांदेडचेच मुसलमान कारागीरही आहेत. लोह्याकडे जाताना मी ज्या चाचांकडे बसायचो, त्यांचं पहिलं वाक्य कुठल्याही पोराला एकच असायचं: "पैले हवा निकाल."

हे वाक्य का महत्त्वाचं, ते सांगतो. जुन्या पद्धतीच्या ट्रकच्या डिस्कला एका बाजूची कड सुटी असते. टायर आत सरकवायचं, मग ती कड म्हणजे रिंग बसवायची आणि तिला अडकवणारं लॉक खाचेत घालायचं. त्यानंतर रिंगला जागेवर धरून ठेवते ती आतली हवाच. ट्रकच्या टायरमध्ये शंभर पौंडांच्या आसपास हवा असते. शंभर पौंड प्रत्येक चौरस इंचावर. एका चौरस फुटाचा हिशोब केला तर साडेसहा टन. लॉक गंजलेलं असेल, रिंग वाकलेली असेल, एका कंपनीची रिंग दुसऱ्या कंपनीच्या डिस्कवर बसवलेली असेल, किंवा खाचेत मातीचा खडा राहिला असेल, तर ती पोलादी रिंग सुटते आणि वाटेत जे असेल त्यातून जाते. बहुतेक वेळा वाटेत असतं ते वाकून हवेचा पाइप धरलेल्या माणसाचं डोकं.

गोवऱ्यांच्या आगीत तापलेल्या धावेत जी ताकद होती तशीच ही कोंडलेली ताकद. पण ती लाल दिसत नाही, तिची धग लागत नाही, आणि "सरा रे तिकडं" म्हणायला कुणाला सुचत नाही. भरलेलं टायर आणि रिकामं टायर दुरून सारखंच दिसतं.

जुना हात नव्या चाकाला कसा घातक ठरतो, याचं सगळ्यात वाईट उदाहरण वेल्डिंगचं. आपल्याकडे लोखंडाला तडा गेला की तापवा, जोडा, ठोका. पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं आणि ते बरोबरही होतं. तीच सवय ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या रिमवर चालवली जाते. रिमला चीर गेली, टायर न उतरवताच कडेला वेल्डिंग मारलं. किंवा गंजलेला नट हलेना म्हणून त्याला गॅसची आच दिली. आतलं रबर तापून त्यातून पेट घेणारे वायू निघतात, दाब चढतो आणि टायर बॉम्बसारखं फुटतं. हवा काढून टाकली असली तरी हे होऊ शकतं, कारण वायू आतच तयार होतात. म्हणून टायर चढवलेल्या रिमला आग लावायची नाही. चीर गेलेली रिम तर टायर उतरवूनही जोडायची नाही, ती भंगारात. वेल्डिंगची जागा पुन्हा तडकते आणि तेव्हा आत पूर्ण हवा असते. तुमच्या कारच्या अलॉयलाही हेच लागू. किरकोळ वाक काढून मिळतो, पण तडा गेलेलं अलॉय कुणी 'भरून' देत असेल तर नमस्कार करून निघा.

अमेरिकेत अशा रिंगा उडून इतके कामगार गेले, की १९८० मध्ये तिथल्या सरकारने या कामाचे नियम केले आणि १९८४ मध्ये ते एकसंध रिमलाही लावले. त्यांचा गाभा चार ओळींचा आहे. शंका असेल तर चाक गाडीवरून उतरवायच्या आधीच हवा काढा. जोडचाक असेल तर दोन्हीची. वाकलेला किंवा तडकलेला भाग वापरू नका, वेगवेगळ्या रिमचे भाग एकमेकांना लावू नका. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा. आणि व्हॉल्व्हला अडकवून ठेवता येईल असा चिमटा व लांब पाइप वापरा, म्हणजे माणूस रिंगच्या वाटेत उभा राहत नाही. चाचा यातलं पहिलं आणि दुसरं शिस्तीने करत. ते रिंगची बाजू जमिनीकडे ठेवायचे आणि चाकाभोवती साखळी घालायचे. पिंजरा नव्हता. "साखळी बांधली की झालं," असं त्यांच्याकडचा पोरगा म्हणायचा. नाही होत. साखळी तुटते, आणि पालथं ठेवलेलं अख्खं चाकच उडून वर येतं. पिंजरा म्हणजे चार जाड पाइप वाकवून जमिनीत रोवलेले. गावातला कुठलाही वेल्डर करून देईल अशी वस्तू. ती मला या रस्त्यावर एकाच ठिकाणी दिसली, आणि तिच्यावर टॉवेल वाळत घातले होते.

नव्या गाड्यांना ट्यूबलेस टायर आणि एकसंध रिम येतेय, त्यामुळे सुट्या रिंगचं भय कमी होत जाईल. पण जुना ट्रक आपल्याकडे मरत नाही. तो आधी लांबच्या रूटवरून उतरतो, मग वाळूला लागतो, मग उसाला. टायरचंही तसंच: झिजलं की त्यावर रबर चढवून रिमोल्ड, मग ते ट्रॉलीला. रिमोल्ड वाईट नसतं. एसटीचे स्वतःचे टायर रिमोल्ड करायचे कारखाने आहेत. पण आतला सांगाडा तपासल्याशिवाय केलेलं रिमोल्ड म्हणजे ढिल्या चाकावर चढवलेली नवी धाव.

कार किंवा पिकअपचं चाक स्वतः बदलणाऱ्यांसाठी चाचांकडून शिकलेलं थोडंसं. गाडी रस्त्यावरून पूर्ण खाली, सपाट आणि कडक जागेवर. हँडब्रेक ओढून तिरप्या समोरच्या चाकाला दगड. नट आधी, चाक जमिनीवर असतानाच ढिले करायचे. जॅकवर गाडी चढवून पान्यावर उड्या मारल्या की गाडी जॅकवरून घसरते. खाली हात-पाय घालायचा नाही. काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवायचं, जॅक सुटला तरी गाडी चाकावर बसेल. नट आवळताना समोरासमोरचे, शेजारचे ओळीने नाही. आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा पाना लावायचा, कारण नवीन बसलेलं चाक थोडं बसतं. जुन्या ट्रकच्या डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असायचे. हे माहीत नसलेल्या क्लीनरने जोर लावून स्टड तोडल्याच्या गोष्टी हायवेवर भुताच्या गोष्टींसारख्या सांगतात.

२०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल, तर कारमध्ये जादा चाक नसलं तरी चालेल. डेव्हिस बंधूंच्या आधी मोटारी जशा निघायच्या तशाच त्या पुन्हा निघू लागल्या. शोरूममधून गाडी घेणारी पोरं डिकी उघडून विचारतात, "स्टेपनी कुठंय?" आणि सेल्समन त्यांना एक डबी दाखवतो.

अहमदपूर ते चाकूर या टप्प्यात गाडीवर जाताना एक गोष्ट बघा. रस्त्याच्या कडेला, कधी चक्क लेनमध्ये, दोन-तीन मोठे दगड नुसतेच पडलेले असतात. ते आभाळातून पडलेले नसतात. तिथे कुणीतरी रात्री ट्रॉलीचं चाक बदललेलं असतं, दगड चाकांना लावलेले असतात आणि काम झाल्यावर घाईत ते तिथेच राहतात. बाइकवाल्याला ते अंधारात दिसत नाहीत. चाचा आपल्या पोराला नट आवळून झाले की पाना हातातून काढून घेत आणि म्हणत, "पत्थर कौन उठाएगा?"